सोसनला लागणारी थंडी

उर्दूचा तास होता. एका जुन्या गझलेत 'सोसन' हा शब्द आला आणि आम्ही नेहमीच्या सवयीने फळ्यावर अर्थ लिहिला, 'एक निळे-जांभळे फूल; शायरीत मौनाचे प्रतीक.' नववीच्या मुलींनी तो वहीत उतरवून घेतला. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "टीचर, आपने देखा है?"

आम्ही पाहिले नव्हते. दहा वर्षे हा शब्द शिकवत होतो, पण फूल कधी डोळ्यांसमोर आले नव्हते. बी.एड.च्या वर्षात शैक्षणिक साधनांवर आम्ही पानेच्या पाने लिहिली होती. वस्तू दाखवून शिकवावे, ती नसेल तर चित्र दाखवावे, चित्रही नसेल तर तसे स्पष्ट सांगावे, हे सारे पाठ होते. तरीही तोंडून निघाले, "हाँ, देखा है." मुलगी खाली बसली आणि आम्ही पुढच्या शेराकडे वळलो.

खोटे लहानसेच होते. त्याने कुणाचे नुकसान झाले नाही. पण त्या दिवशी रहाटणीला घरी परतताना ते खोटे चपलेत शिरलेल्या खड्यासारखे टोचत राहिले. ते मिटवण्याच्या खटपटीतून जो प्रश्न उभा राहिला, तोच या लेखाचा विषय आहे. एखादी गोष्ट आपल्याला आवडते, एवढ्याने ती उचलून आपल्या दारी आणण्याचा हक्क आपल्याला मिळतो का?

आधी सोसनविषयी. फारसीत हे नाव लिलीसाठीही वापरले गेले आहे; उर्दूत मात्र सोसन म्हटले की आयरिस हे फूल आणि सोसनी म्हटले की निळसर जांभळा रंग, असे समजतात. हिब्रूतले शोशन्ना आणि इंग्रजीतले सुझन ही मुलींची नावे याच शब्दाच्या गोतावळ्यातली. शायरांनी या फुलाच्या पाकळ्यांना जिभा मानले. दहा जिभा असूनही जे बोलत नाही ते सोसन, असा संकेत फारसी कवितेत रुजला आणि तिथून उर्दूत आला. वनस्पतिशास्त्रात पाहिले तर केशर आणि ग्लॅडिओलस ही याच कुळातली भावंडे. म्हणजे लग्नाच्या मंडपात ग्लॅडिओलसच्या दांड्या आपण पाहतो आणि ईदच्या शीरखुर्म्यात केशराच्या काड्या घालतो, तेव्हा सोसनचे नातेवाईक आपल्या घरी येऊन गेलेले असतात. सोसन मात्र येत नाही.

आयरिसच्या अनेक जातींपैकी एका गटाला 'दाढीवाले' म्हणतात. फुलाच्या तीन पाकळ्या वर उभ्या असतात आणि तीन खाली झुकतात. झुकलेल्या पाकळ्यांच्या मधोमध केसाळ पट्टा असतो, तीच दाढी. मधमाशीला आत जाण्याची वाट ती दाखवते. वर्गात आम्ही 'दाढीवाला फूल' म्हणालो तेव्हा मुली तोंडावर ओढणी धरून हसल्या. या गटातले उंच प्रकार कमरेपर्यंत वाढतात आणि बुटके प्रकार आठ ते सोळा इंचांत थांबतात. त्याहूनही ठेंगणे असतात. आज जगभर बागांत आणि कुंड्यांत जे बुटके दाढीवाले आयरिस दिसतात, त्यांचा मोठा वंश अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या पॉल कुक यांच्या संकरापासून सुरू झाला. पूर्व युरोपच्या माळांवरचा ठेंगणा 'आयरिस प्युमिला' आणि बागेतला उंच आयरिस यांचा त्यांनी मेळ घातला. उंचाची गुणसूत्रे अठ्ठेचाळीस, ठेंगण्याची बत्तीस. दोघांकडून निम्मी निम्मी घेऊन संततीत चाळीस आली. १९५१ साली त्यांची 'ग्रीन स्पॉट' ही जात बाजारात आली. दोन वेगळ्या मुलखांचे रक्त एकत्र आले म्हणून हे रोप दुबळे झाले नाही. उलट उंचाचा रंग आणि ठेंगण्याचा काटकपणा असे दोन्ही त्याला मिळाले.

कुंडीसाठी हा बुटका प्रकार बरा, असे वाचून आम्ही हिमाचलमधल्या एका रोपवाटिकेतून पाच गड्डे टपालाने मागवले. सप्टेंबरात पुडके आले. आत आल्याच्या गड्ड्यासारखे दिसणारे, मातकट, कापलेल्या पानांचे पाच तुकडे होते. अम्मीने ते हातात घेऊन वास घेतला आणि म्हणाली, "ही तर बेख-ए-सोसन दिसते. हकीमसाहेबांच्या काढ्यात असायची." बेख म्हणजे मूळ. आम्ही शाळेत ज्याचे फूल शिकवत होतो, त्याचे मूळ अम्मीला काढ्यातून ठाऊक होते.

लावण्याची रीत आम्ही वाचून काढली. या गड्ड्याला हळदीसारखे मातीत गाडायचे नसते. मुळ्या मातीत आणि गड्ड्याची पाठ उघड्यावर, उन्हात, असे लावायचे. रोज निदान सहा तास ऊन हवे. पाणी साचता कामा नये. कुंडी खोल नसली तरी चालते, रुंद हवी. कारण हे मूळ खाली जात नाही, आडवे पसरते. तीन-चार वर्षांनी दाटी झाली की गड्डे उकरून, तोडून, पुन्हा लावायचे. आम्ही पसरट कुंड्या आणल्या. मातीत वाळू आणि विटांचा चुरा मिसळला. अम्मीने तरी सवयीने एक गड्डा दोन बोटे खोल गाडलाच. "उघडं ठेवलं तर वाळून जाईल," ती म्हणाली. माया करणाऱ्याला पहिल्यांदा झाकावेसेच वाटते.

आमच्या इमारतीच्या गच्चीवरून पाहिले तर चहूकडे इमारतीच दिसतात. रहाटणी या नावात विहिरीवरचा रहाट ऐकू येतो. पवनेच्या काठाची ही सगळी शेतजमीन होती. आता या भागात 'शिवार' हा शब्द एका चौकाच्या नावात तेवढा उरला आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, मागोमाग मोटारींचे, स्कूटरचे, सुट्या भागांचे कारखाने आले, १९८२ साली महापालिका झाली, मग कारखान्यांची रांग चाकणपर्यंत पोचली. या पट्ट्यात आज जो राहतो तो बहुतेक कुठून तरी आलेला आहे, नाहीतर त्याचा बाप आलेला आहे.

तर त्या गच्चीवर सोसनने पहिला हिवाळा काढला. तलवारीसारखी पाने पंख्याच्या आकारात फुटली, पण फूल आले नाही. पहिल्या वर्षी येत नाही कधी कधी, असे आम्ही मनाला सांगितले. मग पावसाळा आला. गच्चीच्या एका कडेला पत्रा बांधून आम्ही आडोसा केला, तरी जुलैच्या झडीत तीन गड्डे सडले. बोट लावले तर आत पिठूळ चिखल आणि घाण वास. अम्मीने खोल गाडलेला त्यांतला पहिला. उरले दोन. दुसरा हिवाळा आला. जानेवारीच्या पहाटे आम्ही स्वेटर घालून गच्चीवर जायचो. पाने हिरवीगार होती. दांडी आली नाही.

कारण सरळ आहे. या झाडाला कळी धरायला खरी थंडी लागते. कित्येक आठवडे पारा पाच अंशांच्या आसपास किंवा त्याखाली राहावा लागतो. थंडी सरली, आता फुलायला हरकत नाही, हा निरोप त्याला त्यातून मिळतो. आमच्याकडे जानेवारीत पहाटे दहा-बारा अंश होतात आणि दुपारी पुन्हा ऊन तापते. आपण ज्याला कडाक्याची थंडी म्हणतो, ते सोसनला थंडी वाटतच नाही. ते वाट पाहत राहते. महाबळेश्वरला गारवा जरा जास्त, पण तिथला पाऊस या मुळाला दोन महिन्यांत संपवील.

आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी उपाय सांगितला. "फ्रिजमध्ये ठेवा. उष्ण देशांत ट्यूलिपचे कंद असेच थंड करून फुलवतात. आपल्या पुण्यात बंद कंटेनरमध्ये कृत्रिम थंडी करून केशर फुलवल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या नाहीत का?" वाचल्या होत्या. घरी हा विषय काढला तेव्हा अम्मी म्हणाली, "भाजीच्या कप्प्यात जागा आहे. पण एक सांगा, ते फूल तुम्हाला झाडासाठी हवंय की शाळेत दाखवायला?"

प्रश्न नेमका होता. आम्हाला फूल हवे होते ते आमचे खोटे पुसण्यासाठी. एकदा ते उमलले की वर्गात न्यायचे आणि 'देखा है' हे वाक्य मागच्या तारखेने खरे करायचे, एवढाच आमचा हिशेब होता. त्या हिशेबात झाड कुठेच नव्हते.

इथे एक सोपे उत्तर हात जोडून पुढे येते. थंडीचे झाड थंडीत राहू द्यावे. जिथले तिथे बरे. हे वाक्य शहाणपणाचे वाटते. पण आम्ही ते सहज उच्चारू शकत नाही, कारण तेच वाक्य आम्ही माणसांविषयी ऐकले आहे. आमचे नाव ऐकून लोक विचारतात, "मूळचे कुठले?" आम्ही सांगतो, "बीडचे." मग विचारणारा जरा थांबतो आणि म्हणतो, "नाही, त्याच्या आधी?" त्याच्या आधीही बीडच. आमच्या पणजोबांची कबर तिथे आहे. उर्दू शिकवतो म्हणून आमची माती दुसरीकडची आहे, असे धरले जाते. जिथले तिथे, हे तत्त्व फुलांपाशी थांबत नाही. ते माणसांपर्यंत चालत येते आणि दारावर थाप मारते.

शिवाय ते तत्त्व फुलांच्या बाबतीतही खरे नाही. ज्या झेंडूवाचून दसऱ्याचे तोरण होत नाही, तो मेक्सिकोकडून आलेला आहे. ज्या मिरचीवाचून ठेचा होत नाही, तीही अमेरिका खंडातली. गुलमोहर मादागास्करचा. गुलबक्षीही दूरचीच. त्यांना 'मूळचे कुठले' असे कुणी विचारत नाही, कारण ती रुजली. आणि रुजली ती केवळ स्वतःच्या गुणावर नव्हे. इथले ऊन, इथला पाऊस, इथली माती त्यांना मानवली.

सोसनच्याच कुळात याचे एक विलक्षण उदाहरण आहे. 'आयरिस अल्बिकन्स' नावाचा पांढरा, फार उंच न होणारा दाढीवाला आयरिस मूळचा येमेन आणि सौदी अरबस्तानातला. मुसलमानांनी तो कबरींवर लावला आणि जिथे गेले तिथे सोबत नेला; पार स्पेनपर्यंत. पुढे तो अमेरिकेच्या दक्षिणेतल्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमींतही पोचला. गंमत अशी की या रोपाला बी धरत नाही. ते वांझ आहे. वाऱ्याने, पाखराने, पाण्याने ते पसरूच शकत नाही. जगात जिथे जिथे ते आहे, तिथे तिथे कुणीतरी हाताने गड्डा तोडून, पुडीत बांधून, नेऊन लावलेला आहे. काश्मीरच्या कबरस्तानांतही पांढरे-जांभळे आयरिस असेच वसंतात फुलतात. आपल्याकडे कबरीवर सब्जा लावतात. प्रेषितांनी दोन कबरींवर खजुराची ओली फांदी रोवल्याची हदीस सर्वांना ठाऊक आहे. तिचा अर्थ आणि तिच्या आधारे पडलेल्या रीती यांवर उलेमांत मतभेद आहेत. त्यात आम्ही शिरत नाही. एवढे मात्र दिसते की मेलेल्या माणसाजवळ काही जिवंत ठेवावे, ही इच्छा येमेनपासून बीडपर्यंत सारखीच आहे. फक्त प्रत्येक जागेने आपल्याला पेलेल असे रोप निवडले.

तेव्हा झाड कुठले, हा प्रश्नच चुकीचा आहे. प्रश्न विचारायचा तो आणणाऱ्याला. तू जे आणलेस, त्याला काय लागते हे तुला ठाऊक आहे का? आणि ते देण्याची तुझी तयारी आहे का? हदीसमध्ये एका बाईची गोष्ट आहे. तिने मांजर कोंडून ठेवले. त्याला खायला दिले नाही आणि स्वतःचे स्वतः शोधून खाईल म्हणून सोडलेही नाही. ते मेले आणि त्यापायी ती बाई शिक्षेला पात्र ठरली. लहानपणी मदरशात ही गोष्ट ऐकली तेव्हा आम्हाला ती मांजरावर दया करण्याची गोष्ट वाटली होती. आता वाटते, ती त्याहून काटेकोर आहे. मांजर पाळणे हा गुन्हा नव्हता. सोडून देणे हाही गुन्हा नव्हता. द्यायचेही नाही आणि सोडायचेही नाही, ही मधली स्थिती हा गुन्हा होता. आमची गच्ची दोन वर्षे नेमकी त्या मधल्या स्थितीत होती.

विज्ञानाच्या सरांना हे सांगितले तेव्हा त्यांनी रास्त आक्षेप घेतला. "मग फ्रिज म्हणजे काय? त्याला लागते ते देणेच ना?" आम्ही बरेच दिवस यावर विचार केला. केशर फुलवणारा माणूस त्या कंदांचे पूर्ण वर्ष सांभाळतो. थंडी, उजेड, ओल, विश्रांती सगळे. केशराच्या रोपालाही बी धरत नाही, तेही माणसाच्या हातावरच जगते. त्यात आम्हाला गैर दिसत नाही. पण आम्ही देणार होतो ते फक्त थंडीचे आठ-दहा आठवडे, फूल मिळेपर्यंत. पुढचा उन्हाळा, पुढचा पावसाळा, पुढची सड यांचे काय, हे आमच्या योजनेत नव्हते. गरज भागवणे आणि हवे ते काढून घेण्यापुरते पुरवणे, यांत बाहेरून फरक दिसत नाही. फरक ओळखण्याची एकच कसोटी आम्हाला सापडली. हे कधीच फुलणार नाही असे आज कळले, तर उद्या आपण त्याला पाणी घालू का? उत्तर 'हो' असेल तर आपण ते पाळले आहे. उत्तर 'नाही' असेल तर आपण ते वापरायला आणले आहे.

ही कसोटी सापडली आणि ती गच्चीवर थांबेना. ती आमच्याबरोबर वर्गात आली.

काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गात एक मुलगा होता. बाप चाकणच्या बाजूला कंत्राटी कामावर. कंत्राट बदलले की खोली बदलायची आणि खोली बदलली की शाळा. चार वर्षांत त्याच्या तीन शाळा झाल्या होत्या. वर्गात तो बोलत नसे. प्रश्न विचारला की उभा राहून पायांकडे पाही. एकदा त्याचे वडील सुट्टी बुडवून भेटायला आले आणि त्यांनी विचारले, "कैसा है?" आम्ही सहामाहीचे गुण पाहिले आणि म्हणालो, "इसमें कुछ है नहीं." पुढच्या जूनमध्ये तो आला नाही. पंक्चरच्या दुकानात बसतो, असे नंतर कुणीतरी सांगितले.

आज तो आठवतो तेव्हा ध्यानात येते की तो घरी भोजपुरी बोलत होता, गल्लीतल्या पोरांशी दखनी, दुकानात मराठी, शाळेत पुस्तकी उर्दू आणि शिवाय इंग्रजीच्या तासाला ती वेगळीच. इतक्या जिभा असलेला मुलगा आमच्या वर्गात मुका होता. त्याच तासाला, बहुधा त्याच आठवड्यात, आम्ही फळ्यावर लिहीत होतो, 'सोसन: दहा जिभा असून न बोलणारे फूल.' आणि तो अर्थ बाकावर बसलेला आम्हाला दिसला नाही.

त्याला काय लागत होते? एकाच शाळेत सलग दोन वर्षे. घरच्या बोलीत एखादा प्रश्न विचारणारे कुणी. उत्तर चुकले तरी हसणार नाही असा एक तास. फार नव्हते. पण आम्ही गुण पाहिले आणि मुळात दोष काढला. या औद्योगिक पट्ट्याने त्याच्या बापाला बोलावले ते कामाच्या हातांसाठी. पोराला कुठला हिवाळा लागेल, हे कुणी विचारले नाही. कारखान्याला जाब विचारायला आम्ही कोण? पण शाळा आमची होती, वर्ग आमचा होता आणि ते वाक्य आमच्या तोंडचे होते.

आता राहिले दोन गड्डे. दरवर्षी थंडीत आमच्या गल्लीत एक काश्मिरी शालवाला येतो. पाठीवर गाठोडे, दारोदार फिरणे, फेब्रुवारी सरता सरता गावी परतणे. यंदा अम्मीने त्याला चहाला वर बोलावले तेव्हा त्याची नजर कुंडीवर गेली. पाने पाहताच त्याने ओळखले. "ये तो हमारे यहाँ क़ब्रों पर होता है," तो म्हणाला. आमचे त्यातले नव्हे, त्याचे बुटके चुलतभाऊ, असे आम्ही समजावून सांगितले. त्याने पानावरून बोट फिरवले आणि विचारले, "इसको यहाँ गर्मी नहीं लगती?" स्वतः सहा महिने घरापासून दूर काढणाऱ्या माणसाने हे विचारावे, याचे आम्हाला बरे वाटले आणि वाईटही वाटले.

अम्मीनेच ते गड्डे उकरले, माती झटकली, वर्तमानपत्रात गुंडाळले आणि त्याच्या गाठोड्यात शालींच्या मधे ठेवले.

मग आम्हीही 'जिथले तिथे' हेच केले नाही का? हा प्रश्न आम्ही स्वतःला विचारला आहे. आमचे उत्तर असे. आम्ही त्या झाडाला परके म्हणून घालवले नाही. आम्हाला ते पेलत नाही, हे आम्ही कबूल केले. कमीपणा झाडाचा नव्हता, आमचा होता. रोपाच्या बाबतीत अशी कबुली देऊन सुटता येते, कारण दुसरी जागा असते आणि तिथे नेणारा हात मिळतो. माणसाच्या बाबतीत ही सोय नाही. तो मुलगा इथेच जन्मला किंवा इथे आला आणि इथलाच झाला. त्याला परत पाठवायला कुठलाही डोंगर नाही, आणि असता तरी तसे म्हणण्याचा हक्क कुणाला नाही. त्याच्यासाठी एकच वाट उरते. त्याला जी थंडी लागते ती इथेच, या वर्गात, दरवर्षी आणून द्यायची. आणि फूल येवो न येवो, पाणी घालत राहायचे.

अत्तराच्या धंद्यातली एक गोष्ट इथे आठवते. आयरिसच्या ताज्या मुळाला म्हणण्यासारखा सुगंध नसतो. ते सोलून वाळवतात आणि वर्षानुवर्षे नुसते ठेवून देतात. तेव्हा कुठे त्यात तो मऊ, जांभळ्या फुलासारखा वास धरतो, ज्याला अत्तरवाले फार किंमत देतात. हे सांगून आम्ही त्या मुलाविषयी स्वतःला दिलासा देऊ इच्छित नाही. पंक्चरच्या दुकानात बसलेल्या पोरात सुगंध मुरत असेल, असे म्हणणे फार सोयीचे आहे. एवढेच म्हणतो की फुलाकडे पाहून मुळाविषयी निकाल देणे आम्ही आता टाळतो. वाट किती पाहायची, हे आपल्या वेळापत्रकावर ठरत नाही.

रिकाम्या कुंड्यांत अम्मीने सब्जा पेरला आहे. पंधरवड्यात उगवून आला. पाऊस, ऊन, आमचा विसराळूपणा, त्याला सगळे चालते.

या वर्षी पुन्हा ती गझल आली. सोसनचा अर्थ आम्ही फळ्यावर लिहिला आणि मुलींकडे वळून सांगितले, "हे फूल आम्ही पाहिलेले नाही. त्याची पाने पाहिली आहेत, मूळ हातात घेतले आहे. दोन वर्षे सांभाळले, पण फूल आले नाही, कारण त्याला जे हवे होते ते आमच्याकडे नव्हते." वर्ग गप्प होता. मग एकीने विचारले, "टीचर, फिर अब कहाँ है?" आम्ही सांगितले.

ज्या मुलीने पहिल्यांदा विचारले होते, ती मात्र या वर्गात नव्हती. तिच्या वडिलांचे काम बदलले आणि ते लोक कुठे गेले, हे शाळेत कुणाला ठाऊक नाही. आमचे खोटे तिच्या वहीत तसेच राहिले आहे.